नोकरीच्या शोधाची वही आधी कोण लिहायचं?

थोडं मोठं लिहितोय, सवडीने वाचा. घरात इंजिनीअरिंगला पोरगा किंवा पोरगी असेल तर जरूर वाचा. नसेल तर ज्यांच्या घरात आहे त्यांना पाठवा.

सध्या तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांची धावपळ चालू आहे. कुणाला इंटर्नशिप पाहिजे, कुणाला नोकरी. आपल्या बाभूळगावात कॉलेज आहे, शेजारी कोपरगावला आहे, नाशिकला तर आहेतच. येवला तालुक्यातली भरपूर पोरं तिथं शिकतात. अंदरसूल, नगरसूल, पाटोद्यापासून पोरं येऊन-जाऊन करतात. यातल्या बऱ्याच घरांत आधीच्या पिढीत कुणी इंजिनीअर झालेलं नाही. बाप पैठणीच्या मागावर बसतो, नाहीतर कांदा करतो, नाहीतर गावात दुकान आहे. फी भरायला घरच्यांनी जीव काढलेला असतो. पण नोकरी शोधायची म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्या घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यात त्यांची चूक नाही. ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पिढीत बदलत आली आहे आणि त्याचा इतिहास कुणी सांगितलेलाच नाही.

इंजिनीअरांचा इतिहास म्हटला की आपण धरणं, पूल, कालवे मोजतो. त्या इंजिनीअरला पहिली नोकरी कशी लागली, त्याचं नाव कुठल्या कागदावर चढलं आणि तो कागद कुणाच्या ताब्यात होता, हे बघायचं राहून जातं. मला तीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

सुरुवात आपल्या नाशिकपासूनच करू.

१८८४ साली एक तरुण असिस्टंट इंजिनीअर मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाला. पहिली नेमणूक नाशिक. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दरवर्षी १५ सप्टेंबरला ज्यांच्या फोटोला कॉलेजात हार घालतात, तेच. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले. कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं सीओईपी, तिथून १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आले. हे पुण्याचं कॉलेज १८५४ साली सुरू झालं तेव्हा त्याचं स्वरूप अगदी साधं होतं, सरकारी बांधकामावर लागणारे हाताखालचे लोक तयार करायचे एवढाच उद्देश. पुढे ते वाढलं.

आता यातली गंमत बघा. विश्वेश्वरय्यांना नोकरीसाठी दारोदार फिरावं लागलं नाही. परीक्षेत वर येणाऱ्याला सरकारी नेमणुकीची हमी होती. निकाल लागला की नाव सरकारच्या यादीत चढायचं आणि त्याच यादीवरून ऑर्डर निघायची. नाशिकनंतर ते खानदेशात गेले, धुळे जिल्ह्यात दातर्तीला पांझरा नदीखालून पाइपाचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं, ते त्यांनी पावसापाण्यात रखडत का होईना पूर्ण केलं. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे.

ही पद्धत ऐकायला छान वाटते. पण हमी मूठभरांना होती. पहिला आला तो सुटला, बाकीच्यांनी काय करायचं ते करा. नोकरी देणारा एकच, ते म्हणजे सरकार. वही पण एकच, ती सरकारच्या टेबलावर. उमेदवाराने काही लिहून ठेवायची गरजच नव्हती.

सरकारच्या बाहेर मराठी मुलखात इंजिनीअरिंगचं काम उभं राहिलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांसारख्यांच्या हातून. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ही संस्था १८८७ ची. तिथं बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला भावाबरोबर सायकलच्या धंद्यात गेले, पुढे लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. तिथं सुरुवातीला जी माणसं जमली त्यातल्या काहींकडे डिग्री सोडा, शाळासुद्धा पूर्ण झालेली नव्हती. कुणीतरी कुणाला ओळखत होतं, मालकाने हाताचं काम बघितलं आणि ठेवून घेतलं. नोंद मालकाच्या डोक्यात. ओळखीवर नोकरी लागण्याला आपण आज नाक मुरडतो, पण तेव्हा त्या ओळखीत कामाची पारखही असायची. ज्याची ओळख नाही तो मात्र तिथंही बाहेरच राहायचा, हेही खरंच.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि गेलं. लाखो सैनिक घरी परतणार, त्यांना कामाला कसं लावायचं म्हणून १९४५ साली सरकारने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज काढली. रोजगार विनिमय केंद्रं. थोड्याच वर्षांत ती सगळ्यांना खुली झाली. १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला, आणि १९५९ साली कायदा झाला की सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी आपल्या रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवल्या पाहिजेत.

चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. 'एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातलं का?' हा प्रश्न मॅट्रिकचा निकाल लागला की पेढ्याबरोबर यायचा. नाशिकला जायचं, रांगेत उभं राहायचं, कार्ड काढायचं. कार्डावर नंबर, तारीख, पुढच्या नूतनीकरणाची तारीख. ते कार्ड घरात रेशनकार्डाच्या शेजारी, पत्र्याच्या पेटीत. नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली, म्हणून ती तारीख घरातल्या सगळ्यांना पाठ. बापाने कॅलेंडरवर पेनाने गोल केलेला असायचा. कॉल येईल तेव्हा येईल.

या कायद्यात एक फट होती आणि ती फार कमी लोकांना माहीत होती. जागा कळवायची सक्ती होती, एक्स्चेंजने पाठवलेल्या माणसालाच घ्यायची सक्ती नव्हती. कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. सरकारी खाती प्रशासकीय आदेशांमुळे एक्स्चेंजमधून नावं मागवत, खासगीवाले जागा कळवून मोकळे होत. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फक्त एक्स्चेंजमधून नावं मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रात वगैरे जाहिरात देऊन थेट अर्जसुद्धा विचारात घ्या. न्यायाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. नाव नोंदवलं नाही म्हणून लायक माणूस बाहेर राहू नये. पण त्या दिवसापासून पेटीतल्या कार्डाचं वजन उतरलं. नोंद ठेवायचं काम सरकारच्या कपाटातून निघालं आणि उमेदवाराच्या अंगावर आलं. कुणी तसं जाहीर केलं नाही, एवढंच.

मधल्या काळातलं एक प्रकरण विसरता कामा नये. स्वातंत्र्यानंतर राज्यात इंजिनीअरिंग कॉलेजं वाढली. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराड, औरंगाबाद आणि नागपूरचं विश्वेश्वरय्या कॉलेज १९६० ची, अमरावती १९६४. पंचवार्षिक योजना जोरात, धरणं चालू, त्यामुळे पास झाला की नोकरी असं गणित होतं. पण १९६५ चं युद्ध, पाठोपाठ दोन दुष्काळ, १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन आणि पंचवार्षिक योजनेलाच तीन वर्षांची सुट्टी. सरकारी कामं आटली आणि देशाने पहिल्यांदा मोठ्या संख्येने बेकार इंजिनीअर बघितले. त्याच काळात मुंबईत 'मार्मिक'मध्ये कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या आणि १९६६ साली शिवसेना उभी राहिली. तिचं राजकारण कुणाला पटो न पटो, नोकरी कुणाला मिळते याची यादी हातात आली की माणूस किती पेटतो हे त्यातून दिसलं.

इंजिनीअरांच्या बेकारीवर सरकारने जे केलं त्यातली एक गोष्ट आजही जिवंत आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आधी मुख्यतः आयटीआयसारख्या कारागिरांसाठी होता. १९७३ साली दुरुस्ती करून त्यात इंजिनीअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमाधारक घेतले. म्हणजे पास झालेल्या पोराला कारखान्यात वर्षभर शिकाऊ म्हणून घ्या आणि त्याला विद्यावेतन द्या. आज ज्याला आपण नॅट्स म्हणतो त्याचं मूळ हे. आपण 'इंटर्नशिप' हा शब्द नवा समजतो, पण नाशिकच्या पट्ट्यात अप्रेंटिस हा शब्द घराघरात होता. ओझरला एचएएल १९६४ साली आलं, सातपूर-अंबडला कारखाने आले, मनमाडला रेल्वेचं इंजिनीअरिंग वर्कशॉप त्याच्याही आधीपासून. 'अप्रेंटिसला लागला' म्हटलं की अर्धी नोकरी लागली असं लोक धरायचे. त्या वेळी वही कारखान्याच्या टाइम ऑफिसात असायची.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. या एका निर्णयावर किती वाद झाले, डोनेशनच्या किती कहाण्या निघाल्या, १९८७ ला कॅपिटेशन फी विरोधात कायदा करावा लागला, हे सगळं खरं. पण आपल्या भागाचा विचार केला तर तोपर्यंत येवल्याच्या पोराला इंजिनीअर व्हायचं तर पुणे, मुंबई, औरंगाबाद, कराड गाठावं लागायचं, तेही जागा मिळाली तर. नंतर कोपरगावला संजीवनी, लोणीला प्रवरा, नाशिकला के. के. वाघ अशी कॉलेजं उभी राहिली. बघा, यातली बरीचशी साखर कारखान्याच्या चिमणीच्या सावलीत उभी राहिली. ऊस पिकवणाऱ्याच्या पोराला गावाजवळ डिग्री मिळायला लागली. माझ्या मते या निर्णयाचा हिशोब अजून कुणी नीट मांडलेला नाही. शिव्या देणारे शिव्या देतात, संस्थांच्या स्मरणिका आरत्या ओवाळतात.

डिग्री जवळ आली, नोकरी जवळ आली नाही. इथं खरी गोम आहे. कॉलेज कोपरगावला निघालं म्हणून कंपनी कोपरगावला आली नाही. मोठ्या शहरातल्या जुन्या कॉलेजात कंपन्या स्वतःहून यायच्या, तिथं प्लेसमेंट ऑफिस, माजी विद्यार्थी, सगळं तयार. आपल्याकडच्या पोराने दर आठवड्याला रोजगार समाचार आणायचा (तो १९७६ पासून निघतो), पेपरातली जाहिरात कात्रीने कापायची, टाइप करून अर्ज, पोस्टाची पावती जपायची. त्या वेळची पोरं नोंद ठेवण्यात आजच्यापेक्षा पक्की होती असं माझं स्पष्ट मत आहे. ती काही जास्त शिस्तीची होती म्हणून नव्हे. एका अर्जाला डिमांड ड्राफ्ट, टायपिंग, रजिस्टर पोस्ट असा खर्च यायचा. वर्षात वीस-पंचवीस अर्ज व्हायचे. प्रत्येकाची झेरॉक्स फायलीत. विसरणार कसं?

मग आलं आयटी. इन्फोसिसची सुरुवात १९८१ साली पुण्यातच झाली होती. नव्वदच्या दशकात या कंपन्या शेकड्याने पोरं उचलायला लागल्या, सिव्हिल असो की मेकॅनिकल, कुठल्याही शाखेची. कॉलेजात 'कॅम्पस' हा शब्द आला आणि त्याबरोबर टीपीओ, ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर. आता वही टीपीओ सरांकडे गेली. कंपनी कधी येणार, निकष काय, यादी कुठं लागणार, सगळं नोटीस बोर्डावर. पोरांनी टाय बांधून यायचं. १९९७ ला नोकरी डॉट कॉम सुरू झालं, २००३ ला लिंक्डइन. २००८ च्या मंदीत हातात ऑफर लेटर असलेली पोरं महिनोन् महिने घरी बसली, तेव्हा कळलं की टीपीओच्या वहीत नाव चढलं म्हणजे काम झालं असं नाही. हाच अनुभव २०२२ च्या बॅचच्या अनेकांना पुन्हा आला.

आणि आता आजचं चित्र. २०१८ पासून टीसीएससारख्या कंपनीची परीक्षा देशभर एकच, कुठल्याही कॉलेजचा पोरगा घरून अर्ज करतो. चांगलं झालं, येवला आणि पुणे एका रांगेत आले. एआयसीटीईने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट दिलं, पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप आली. म्हणजे आता ती हौस राहिली नाही, मार्कांचा भाग झाली. कॉलेजचं पोर्टल वेगळं, एआयसीटीईचं वेगळं, नॅट्सचं वेगळं, राज्याचं महास्वयम वेगळं. २०२४ ला केंद्राची पीएम इंटर्नशिप आली, तेव्हाच्या नियमांत महिन्याला ५,००० रुपये आणि एकदाच ६,०००, वय २१ ते २४, पूर्णवेळ शिकत असलेल्यांना नाही, असं होतं. त्याच वर्षी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, पदवीधराला १०,०००, डिप्लोमाला ८,०००. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, अट वेगळी, मुदत वेगळी. शिवाय खासगी साइट, कंपन्यांची स्वतःची पानं, आणि पन्नास व्हॉट्सॲप ग्रुप.

अर्ज फुकट झाला, एका बोटावर आला. त्यामुळे पोरं दिवसाला वीस-वीस करतात. एका पोराचा मोबाइल मी बघितला होता. मेलमध्ये न उघडलेले हजारेक मेल, त्यात एका कंपनीचा ऑनलाइन टेस्टचा दुवा, मुदत संपून चार दिवस झालेले. पोरगा हुशार, आठ सेमिस्टरमध्ये एक विषय राहिला नाही. घरचे म्हणत होते, नशीब. दुसऱ्या एकाला फोन आला, 'तुम्ही आमच्याकडे अर्ज केला होता', तर हा विचारतो, कुठली कंपनी? फोन तिथंच संपला.

विश्वेश्वरय्यांच्या वेळी वही सरकारकडे होती, मग एक्स्चेंजकडे, मग कारखान्याकडे, मग टीपीओकडे. आता ती पोराच्या हातात आहे आणि ती लिहायची कशी हे चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठल्याच विषयात नाही.

आता ही वही लिहिणं आपल्या गावाला शिकवावं लागतं हेच मला नवलाचं वाटतं. येवला हे व्यापाऱ्यांचं, विणकरांचं गाव. पैठणीच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कीर्द म्हणजे तारीखवार, आज जे झालं ते आजच्या पानावर. खतावणी म्हणजे खातेवार, एका माणसाचा सगळा व्यवहार एका ठिकाणी. कीर्दीतून खतावणीत उतरवायचं आणि दिवसाअखेर मेळ घालायचा. ही पद्धत इतकी जुनी आणि पक्की की पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत आणि इतिहासकार अजून त्यातून कोण कधी कुठं होतं ते काढतात. तिसरी एक वही सरकारी ऑफिसात असते, आवक-जावक बारनिशी. काय आलं, काय गेलं, कुठल्या नंबराने.

नोकरी शोधणाऱ्या पोराला याच तीन गोष्टी लागतात. एक्सेलमध्ये करा, गूगल शीटमध्ये करा, शंभर पानी वहीत करा, मला वहीचा राग नाही.

कीर्दीत रोजचं. आज कुठल्या कंपनीत, कुठल्या पदाला, कुठल्या साइटवरून अर्ज केला, शेवटची तारीख काय, आणि कुठला रिझ्युमे पाठवला. हे शेवटचं फार जण लिहीत नाहीत. डिझाइनच्या जागेला एक रिझ्युमे, प्रॉडक्शनला दुसरा, सॉफ्टवेअरला तिसरा, आणि मुलाखतीत समोरचा त्यातलाच प्रोजेक्ट विचारतो. फाइलला नाव देताना 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' असं करू नका. स्वतःचं नाव, पद, महिना, एवढं पुरे. आणि जाहिरातीचा मजकूर जपून ठेवा. मुदत संपली की ते पान साइटवरून जातं आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री त्यांनी नक्की काय मागितलं होतं ते कुठंच सापडत नाही. स्क्रीनशॉट काढला तरी चालेल, पण तो लग्नाच्या फोटोंत हरवू देऊ नका.

खतावणीत कंपनीला एक पान. कधी अर्ज, कधी टेस्ट, कोण बोललं, काय म्हणालं, पुढचं कधी. फोन आला की आधी पान उघडा, मग बोला. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक साधा, चार ओळींचा मेल करा. विचारलं म्हणून कुणी रागवत नाही. आपल्याकडच्या पोरांना विचारायला लाज वाटते, ती पुण्या-मुंबईच्या पोरांना वाटत नाही, फरक तिथंच पडतो.

बारनिशीसाठी नोकरीचा मेल वेगळा काढा. त्यावर शॉपिंग नको, गेम नको. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तो उघडायचा, स्पॅमसकट. आणि रविवारी मेळ. आठवड्यात किती पाठवले, किती ठिकाणाहून काय आलं, कुठली मुदत जवळ आली. अर्धा तास लागतो. वीस अर्जांना एकही उत्तर नसेल तर एकविसावा तसाच पाठवून उपयोग नाही, रिझ्युमे बदला किंवा जागा बदला, हे मेळ घातल्याशिवाय कळतच नाही.

कागदांचं एक वेगळं दुखणं आहे. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, कुठं स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. शिकताना हे कुणाला टोचत नाही. नोकरी लागल्यावर कंपनी कागद पडताळते तेव्हा टोचतं, आणि तेव्हा रुजू व्हायला आठ दिवस उरलेले असतात. दुसऱ्या वर्षातच सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून बघा. दुरुस्तीला किती चकरा होतात ते तहसीलच्या आवारात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यात मिळतील तेवढे कागद आणून ठेवा. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, डिग्री यांचे टक्के, सीजीपीएचं टक्क्यात रूपांतर, बॅकलॉग किती, गॅप किती, हे एका पानावर लिहून ठेवा. प्रत्येक फॉर्मला तेच विचारतात आणि दोन फॉर्मात दोन आकडे गेले की संशय येतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. वही नसण्याचा सगळ्यात मोठा फायदा फसवणाऱ्यांना होतो. ज्या पोराला आपण कुठं अर्ज केला हेच आठवत नाही, त्याला 'तुमची निवड झाली आहे, लॅपटॉपचे डिपॉझिट भरा' असा मेल आला की तो खराच वाटतो. केला असेल बाबा मी अर्ज, असं तो स्वतःलाच सांगतो. मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, सहीशिक्का, सगळं असतं. बाप कांद्याचे पैसे काढून देतो. खतावणीत त्या कंपनीचं पानच नसेल तर पोरगा निदान थांबून विचार करेल. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मेलचा पत्ता कंपनीच्या नावाचा आहे की फुकटच्या मेलवरचा, ते बघा. कंपनीच्या मूळ साइटवरचा फोन शोधून विचारा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

'प्रमाणपत्र देतो, एवढे हजार भरा' अशा इंटर्नशिपबद्दलही तेच. क्रेडिट पाहिजे म्हणून पोरं भरतात आणि महिनाभर घरी बसून एक पीडीएफ घेतात. अप्रेंटिस कायद्याखाली मात्र उलट आहे, तिथं पोराला पैसे मिळतात. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० असं ठरलं होतं. पास झालेल्यांनी नॅट्सवर नाव नोंदवायला काही लागत नाही. तरी सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांच्या अप्रेंटिसच्या जागा आपल्या पोरांच्या बोलण्यात येत नाहीत, सगळ्यांना हिंजवडीच दिसते. पुण्याला खोलीचं भाडं भरून कोडिंगच्या क्लासला बसलेल्या मेकॅनिकलच्या पोरांनी एकदा नाशिककडे बघावं, असं माझं म्हणणं आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. ड्राइव्ह पुण्याला सकाळी नऊला असेल तर येवल्यातून आदल्या रात्रीच निघावं लागतं, मनमाड-दौंड लाइनची गाडी नाहीतर एसटी. बरोबर कोण जाणार, राहणार कुठं, यावरून घरात आदल्या दिवशी वाद होतो आणि जाणं रद्द होतं. तारीख पंधरा दिवस आधी कीर्दीत लिहिलेली आणि घरात सांगितलेली असेल तर मावशी-आत्याकडे फोन होतो, मैत्रिणी मिळून जातात. ऐनवेळी कळलं की 'पुढच्या वेळी बघू' होतं. मुलींच्या आयांनो, ती तारीख तुम्हीच कॅलेंडरवर गोल करा, एम्प्लॉयमेंटच्या कार्डाची करायचा तशी.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. पहिल्या वर्षात इंडक्शनला पाहुणे बोलावून भाषणं ठेवता, त्यातला एक तास पेढीवरच्या एखाद्या जुन्या मुनीमजींना द्या. कीर्द-खतावणी फळ्यावर काढून दाखवतील. मानधन म्हणून चहा घेतील फार तर. आणि टीपीओ ऑफिसने प्रत्येक पोराची अर्जाची शीट महिन्यातून एकदा बघितली तर निकालाच्या बॅनरवर लावायला फोटो आपोआप वाढतील.

शेवटच्या वर्षाच्या ज्या पोरांनी आजवर काहीच लिहिलेलं नाही, त्यांनी आज रात्री मेलचा सेंट फोल्डर उघडा, साइटवरच्या 'अप्लाइड' यादीत जा, आणि गेल्या तीन महिन्यांतले अर्ज तारखेने उतरवून काढा. दोन तास जातील. त्यात एखाद्या टेस्टची मुदत अजून शिल्लक निघाली तर ती आधी द्या, मग पुढचं उतरवा.